चिखलांतलें चाक आणि डिफरन्शिअलचें कुलूप

मुंबईंतील घरांत सकाळीं नळ सोडला म्हणजे जें पाणी येतें, त्याचा सर्वांत मोठा वाटा ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतून येतो. तानसा धरण १८९२ पासून तेथें उभें आहे. भातसा धरण त्यानंतरचें, परंतु पाण्याच्या मानानें त्याहून पुष्कळच मोठें. असें असूनहि त्याच तालुक्याच्या डोंगराळ भागांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरनें पाणी पुरवावें लागतें, आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यांतील पाड्यांची स्थितीहि फारशी वेगळी नाहीं. डांबरी सडक जेथें संपते तेथून पाड्यापर्यंत उरलेली वाट बहुधा मुरमाची, चढउताराची व ओढ्यानाल्यांतून जाणारी असते. अशा वाटेवर टँकराचें एक चाक सुट्या मुरमावर जागच्या जागीं गरगर फिरूं लागलें आणि गाडी हलेनाशी झाली, तर विहिरीपाशीं रांगेनें ठेवलेले हंडे त्या दिवशीं भरणार कीं नाहीं, हें त्या एका चाकावर अवलंबून राहतें.

या प्रसंगाकडे बारकाईनें पाहिल्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसते. इंजिन धडधाकट असतें, तेल भरपूर असतें, आणि मागील दोन बाजूंच्या चाकांपैकीं एका बाजूचें चाक चांगल्या घट्ट जमिनीवर उभें असतें. तरीहि घट्ट जमिनीवरचें चाक मुळींच फिरत नाहीं व घसरणारें चाकच तेवढें फिरत राहतें. ज्या चाकास ओढण्याचें सामर्थ्य आहे तें स्वस्थ, आणि ज्यास तें नाहीं त्याचीच सारी धांवपळ, असा हा प्रकार कां व्हावा? याचें उत्तर मागील आंसाच्या मध्यावर जो वाटोळा फुगवटा दिसतो त्याच्या पोटांत आहे. त्या यंत्रास डिफरन्शिअल म्हणतात. त्याचें काम काय, तें चिखलांत दगा कां देतें, आणि त्यावर जे निरनिराळे इलाज निघाले आहेत त्यांपैकीं कोणता इलाज शहापूर-मुरबाडसारख्या मुलुखांतील गाडीनें पत्करावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम ज्या गाड्यांना डिफरन्शिअल नाहीं त्या पाहूं. बैलगाडीचा कणा फिरत नाहीं. त्याच्या दोन टोकांवर दोन चाकें आपापल्या मनानें फिरतात. गाडी ओढली जाते ती बैलांच्या खांद्यावरून, चाकांवाटे नव्हे. त्यामुळें वळतांना एक चाक जास्त व दुसरें कमी फिरलें तरी कोणाचेंच कांहीं अडत नाहीं. आगगाडीची तऱ्हा अगदीं उलट. तिचीं दोन्ही चाकें आंसाला पक्कीं ठोकलेलीं असतात व तीं बरोबरच फिरतात. शहापूर तालुक्यांतील कसाऱ्यापासून वर इगतपुरीस जाणाऱ्या थळ घाटांत लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका कडक आहे व गाडीस मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. पण तेथेंहि चाकांची ही जोडी अभंगच असते. वळणावर तिचें निभतें, याचें कारण तिच्या चाकाची कड किंचित् निमुळती असते. वळणावर गाडी बाहेरच्या अंगास सरकली कीं बाहेरील चाक आपल्या मोठ्या घेरावर व आंतील चाक लहान घेरावर चालूं लागतें.

मोटारीस या दोहोंपैकीं एकहि सोय नाहीं. तिला ओढणारे बैल पुढें नाहींत. तिचीं मागील चाकेंच तिला ढकलतात. तिचीं चाकें रबरी व सपाट आहेत. आणि वळणें तर तिच्या वाट्याला आगगाडीपेक्षां किती तरी अधिक तीव्र येतात. मुरबाडहून टोकावडें, वैशाखरें या गांवांवरून जुन्नरकडे चढणारा माळशेज घाट ज्यांनीं पाहिला असेल त्यांस हें सांगावयास नको. समजा, ट्रकाच्या मागील डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर १.८ मीटर आहे, आणि गाडी एका वळणावर पूर्ण उलट दिशेस वळते. तर बाहेरील चाकास आंतील चाकापेक्षां सुमारें ५.६ मीटर अधिक चालावें लागतें. गंमत अशी कीं, वळण ऐसपैस असो कीं आंखूड असो, हा फरक तेवढाच राहतो. तो फक्त दोन चाकांमधील अंतरावर व गाडी किती वळली यावर ठरतो. मोठ्या ट्रकाच्या चाकाचा परिघ ३.३ मीटरांच्या आसपास असतो. तेव्हां अशा एका वळणांत बाहेरील चाकास जवळजवळ पावणेदोन फेरे जास्त घ्यावे लागतात. दोन्ही चाकें आगगाडीप्रमाणें एकाच आंसाला ठोकलीं असतीं, तर हे पावणेदोन फेरे रबर घासूनच भरून काढावे लागले असते. टायर झिजले असते, आंस पिळवटला असता आणि गाडी वळण्यास नाखुष झाली असती.

ही अडचण ओनेसिफोर पेकेर नांवाच्या एका फ्रेंच घड्याळजीनें सोडविली. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठीं त्यानें १८२७-२८ च्या सुमारास जी रचना योजिली, तीच आज ट्रकापासून लहान मोटारीपर्यंत सर्वत्र वापरांत आहे. इंजिनाकडून येणारा दांडा पिनियन नांवाचें लहान दंतचक्र फिरवितो. पिनियन क्राऊन नांवाचें मोठें दंतचक्र फिरवितें. आणि क्राऊनला जोडलेली एक पेटी त्याच्याबरोबर फिरते. आंस अखंड नसतो. मध्यें कापून त्याचे दोन अर्ध केलेले असतात व प्रत्येक अर्धाच्या टोकाला एक दंतचक्र बसविलेलें असतें. या दोन दंतचक्रांच्या मधोमध, पेटींत अडकविलेलीं लहान दंतचक्रें दोहोंशींहि दांत गुंतवून बसतात. गाडी सरळ चालली असतांना हीं लहान दंतचक्रें स्वतःभोंवतीं फिरतच नाहींत; तीं पेटीबरोबर जाऊन दोन्ही अर्धांना सारखीच गति देतात. वळण येतांच तीं स्वतःभोंवतीं फिरूं लागतात, आणि एका अर्धाची जितकी गति कमी होते तितकीच दुसऱ्याची वाढते. एक अर्ध थांबला तर दुसरा दुप्पट गतीनें फिरतो. चिखलांत अडकलेल्या ट्रकाचा वेगदर्शक कांटा २० किलोमीटर दाखवीत असतो व ट्रक जागचा हललेलाहि नसतो, याचें कारण हेंच. एका चाकाची गति शून्य, दुसऱ्याची ४०, आणि कांटा दोहोंची सरासरी दाखवितो.

गतीची वांटणी अशी सोयीस्कर झाली, पण जोराची वांटणी कशी होते? येथेंच दोषाचें मूळ आहे. तें समजण्यास भातखाचरांत नांगर ओढणाऱ्या बैलजोडीचा दाखला उत्तम. जोखड मधोमध नांगराच्या इसाडाला बांधलेलें असतें, व त्या बंधनाभोंवतीं तें थोडें पुढेंमागें फिरूं शकतें. दोन्ही बैल सारखा जोर करतात तोंवर नांगर चालतो. एका बैलाचे पाय चिखलांत सरकले व तो ओढीनासा झाला, तर दुसऱ्यानें कितीहि नेट लावला तरी जोखडाची त्याच्याकडील बाजू पुढें जाते, दुर्बळ बाजू मागें येते आणि नांगर जागचा हलत नाहीं. सबळ बैलाचा जोर दुर्बळ बैलाच्या जोराइतकाच कामास येतो. डिफरन्शिअलमधील तीं लहान दंतचक्रें म्हणजे असेंच एक मध्यावर फिरणारें जोखड होय. तें दोन्ही चाकांना नेहमीं सारखाच जोर पोंचवितें, आणि म्हणून चांगल्या जमिनीवरील चाकास निसरड्या चाकाच्या पकडीहून अधिक जोर मिळूं शकत नाहीं.

आंकड्यांनीं हें अधिक स्पष्ट होईल. एक १२ टनांचा भरलेला ट्रक घेऊं. त्यांतले ८ टन मागील आंसावर, म्हणजे प्रत्येक बाजूस ४ टन. डावीं चाकें ओल्या चिकण मातींत आहेत. तेथें पकड वजनाच्या एकदशांश धरली तर ४०० किलोग्रॅमांचा जोर मिळेल. उजवीं चाकें घट्ट मुरमावर आहेत. तेथें पकड सहादशांश धरली तर २४०० किलोग्रॅम मिळण्यासारखे आहेत. पण साध्या डिफरन्शिअलमुळें उजवीकडेहि ४०० च पोंचतात, एकूण ८००. आतां वाट २० फुटांस १ फूट चढाची असेल, तर केवळ चढासाठीं ६०० किलोग्रॅम लागतील, आणि मऊ जमीन चाकें मागें ओढते त्यासाठीं आणखी ६०० धरूं. गरज १२०० ची, हातीं ८००, ट्रक अडला. उजव्या चाकाखालचे २००० किलोग्रॅम तसेच पडून राहिले. आणि वाट खांचखळग्यांची असून डावें चाक अधांतरीं राहिलें, तर त्याची पकड शून्य. सबब उजव्याचा जोरहि शून्य. चारही चाकांना इंजिनाचें बळ देणारी गाडी घेतली म्हणजे हा प्रश्न मिटतो असें पुष्कळांस वाटतें. पण तिच्या पुढच्या व मागच्या दोन्ही आंसांत साधींच डिफरन्शिअलें असलीं, तर पुढचें एक व मागचें एक अशीं दोन चाकें एकदम घसरतांच तीहि अडते.

यावर सरळ इलाज म्हणजे जोखड इसाडाला आडव्या दोरांनीं जखडून टाकणें. डिफरन्शिअलच्या पेटीस व आंसाच्या एका अर्धास दांत्यांनीं एकत्र गुंतविलें कीं दोन्ही चाकें आगगाडीच्या चाकांप्रमाणें एक होतात. यास डिफरन्शिअलचें कुलूप म्हणावें. ग्रामीण भागांत हें कोणास अपरिचित नाहीं. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरला उजव्या टांचेपाशीं याच कामाची पट्टी असते. एक चाक फिरूं लागलें कीं चालक टांच दाबतो, आणि खाचराच्या बांधाशीं वळावयाचें झालें कीं सोडतो. मोठ्या ट्रकांत व टिपरांत, जेथें ही सोय दिलेली असते तेथें, तेंच काम चालकासमोरील बटणानें, ब्रेकसाठीं सांठविलेल्या हवेच्या दाबावर होतें. वरील उदाहरणांत कुलूप लावतांच डावीकडचे ४०० व उजवीकडचे २४०० मिळून २८०० किलोग्रॅम कामास येतात. चढ १२ फुटांस १ फूट झाला तरी गरज १६०० चीच. ट्रक सहज निघतो. डावें चाक अधांतरीं असलें तरीहि उजव्याचे २४०० शिल्लक आहेत.

दुसरा इलाज मधला आहे. त्यास लिमिटेड-स्लिप, म्हणजे घसरण्यास मर्यादा घालणारें डिफरन्शिअल म्हणतात. १९३५ सालीं जर्मन शर्यतींच्या गाड्यांसाठीं फर्डिनांड पोर्शे यांनीं झेड-एफ या कारखान्याकडे अशा डिफरन्शिअलची मागणी केली होती. त्या गाड्यांचें इंजिन इतकें जोरकस असे कीं वळणावर आंतील चाक जागींच फिरून जाई. या प्रकारांत पेटींत क्लचसारख्या चकत्यांचे गठ्ठे असतात व ते स्प्रिंगांनीं दाबून धरलेले असतात. दोन चाकांच्या गतींत फरक पडूं लागला कीं चकत्या घासतात व त्या घर्षणाच्या प्रमाणांत जास्त जोर मंद चाकाकडे जातो. दुसऱ्या कांहीं जातींत चकत्यांऐवजीं तिरप्या दांत्यांच्या चक्रांची योजना असते. तात्पर्य एकच: चांगल्या चाकास निसरड्या चाकाच्या दुप्पट, अडीचपट, क्वचित् त्याहूनहि अधिक जोर मिळतो, परंतु त्यास सीमा असते. अडीचपट धरल्यास आपल्या ट्रकास ४०० अधिक १००० असे १४०० किलोग्रॅम मिळतील. २० फुटांस १ फूट हा चढ त्यावर पार होईल. १२ फुटांस १ फूट हा होणार नाहीं. आणि चाक अधांतरीं गेलें तर शून्याची अडीचपट शून्यच. चकत्यांच्या जातींत स्प्रिंगांच्या दाबापुरता थोडा जोर उरतो, दांत्यांच्या जातींत तोहि नाहीं. उलट तिचा गुण असा कीं, चालकास कांहींच करावें लागत नाहीं. बटण नाहीं, विसरणें नाहीं. चकत्या मात्र झिजतात, आणि त्यांना विशिष्ट तेल लागतें. तेल बदलतांना मिस्त्रीनें नेहमींचें तेल ओतलें, तर चकत्या अडखळत घासतात व वळणावर मागून कुरकुर ऐकूं येऊं लागते.

या दोहोंच्या मध्यें आपोआप लागणाऱ्या कुलपांच्याहि जाती आहेत. एका जातींत कुलूप सदैव लागलेलेंच असतें, आणि वळणावर बाहेरील चाक पुढें जाऊं पाहतें तेव्हां तेवढ्यापुरतें तें त्यास मोकळें करतें. अडचणीच्या वाटेवर ही जात फार कामाची, पण पक्क्या सडकेवर तिचे हिसके बसतात व खटखट आवाज होतो. दुसऱ्या जातींत डिफरन्शिअल एरवीं साधेंच असतें. दोन चाकांच्या गतींत मिनिटास सुमारें १०० फेऱ्यांचा फरक पडला कीं आंतील वजनदार खटका बाहेर फेकला जाऊन कुलूप लागतें, आणि गाडीचा वेग ताशीं ३० किलोमीटरांच्या वर असला तर तें लागतच नाहीं. ईटन कंपनीचें या धर्तीचें डिफरन्शिअल महिंद्राच्या थार गाडींत मिळूं लागलें, व बोलेरो निओ गाडीच्या एका प्रकारांत २०२१ पासून मिळूं लागलें. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत आणखी एक युक्ति आढळते: घसरणाऱ्या चाकालाच यंत्र आपण होऊन ब्रेक लावतें. जोखडाच्या भाषेंत, दुर्बळ बैलास मागून कोणी तरी धरून ठेवतें, म्हणून सबळ बैलास नेट लावतां येतो. युक्ति चांगली, पण लांबलचक चिखलांत ब्रेक तापतात व यंत्र थोडा वेळ थांबतें.

इतके इलाज असतांना जो सर्वांत बळकट तोच सर्वांनीं कां घेऊं नये, असा प्रश्न साहजिक आहे. पण सबळ बैलाच्या एकट्याच्या मानेवर सारा भार आला म्हणजे काय होतें तेंहि पाहिलें पाहिजे. कुलूप लागलें असतां इंजिनाचा बहुतेक सारा जोर आंसाच्या एकाच अर्धावर येऊं शकतो. निसरडें चाक वेगानें फिरत असतांनाच कुलूप लावलें, तर दांते एकदम आदळतात व ते मोडतात किंवा आंसाचा अर्ध पिळून तुटतो. मग गाडी चिखलांतून तर निघत नाहींच, उलट दुसऱ्या गाडीनें ओढून न्यावी लागते.

याहून गंभीर धोका घाटाचा आहे. शहापूर-मुरबाडच्या मुलुखांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माळशेजच्या वळणांवर धुकें, वरून पडणारें पाणी व डोंगरावरून आलेली माती असते. अशा ओल्या डांबरावर कुलूप लावलेली गाडी वळवूं गेल्यास, मागील दोन्ही चाकें एकाच गतीनें फिरण्याचा हट्ट धरतात व गाडीला सरळ ढकलतात. पुढचीं चाकें वळविलेलीं असूनहि गाडी कठड्याकडे जाऊं लागते. गाडी रिकामी असेल तर मागील दोन्ही चाकें एकदम सुटून तिची शेपूट बाहेर जाते. साध्या डिफरन्शिअलमध्यें एक चाक घसरलें तरी दुसरें चाक फिरण्याचा जोर नसल्यामुळें गाडीस बाजूनें धरून ठेवतें. कुलपांत दोन्ही एकदम घसरतात. ज्या गुणामुळें खाचरांत सुटका होते, तोच गुण घाटांत घातक ठरतो. म्हणून सदैव लागलेलें आपोआप कुलूप घाटांतून रोज ये-जा करणाऱ्या ट्रकास योग्य नव्हे.

तेव्हां निवड करतांना गाडीच्या किंमतीपेक्षां व इंजिनापेक्षां तीन गोष्टी पाहाव्या: गाडीच्या वाटेवरील सर्वांत वाईट जागा कोणती, तेथें गाडी भरलेली असते कीं रिकामी, आणि गाडी कोण चालवितो.

भात, पेंढा किंवा गवत घेऊन कल्याण-भिवंडीकडे जाणारा ट्रक घ्या. त्याचा बहुतेक प्रवास पक्क्या सडकेचा. खळ्यापासून सडकेपर्यंतचा तुकडाच कायतो कच्चा, आणि तोहि भात झोडून झाल्यावर, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास, कोरडा. अशा ट्रकास साधें डिफरन्शिअल पुरतें. पैसा खर्चावयाचाच तर तो चांगल्या खोल नक्षीच्या टायरांवर खर्चावा.

खडी किंवा वीट वाहणाऱ्या टिपराची गोष्ट निराळी. खाणींत व भट्टीवर तो रोज अनेकदां सुट्या दगडमातीवर उभा राहतो. दहा चाकी टिपरास मागें दोन आंस असतात, आणि त्या दोन आंसांमध्यें जोर वांटण्यासाठीं तिसरें डिफरन्शिअल असतें. त्यामुळें चार बाजूंपैकीं एकच बाजू घसरली तरी सारी गाडी अडूं शकते. येथें आंसा-आंसांमधील कुलूप व चाका-चाकांमधील कुलूप, दोन्ही हवींत. आणि तीं कारखान्यांतूनच बसवून आलेलीं असावींत.

मुरबाड-शहापूरकडील भेंडी व इतर भाजी पहांटे नवी मुंबईच्या बाजारांत नेणाऱ्या लहान पिकअप गाडीस मर्यादित घसरणीचें किंवा वेग वाढतांच मोकळें राहणारें आपोआप कुलूप सोयीचें. अशा गाडीचा चालक पुष्कळदां मालकाचा मुलगा किंवा पुतण्या असतो, गाडी वारंवार हात बदलते, व ती महामार्गावर वेगानेंहि जाते. बटण लावून तें काढण्याचें विसरण्याचा प्रसंग येथें नकोच.

आणि टँकर? वरवर पाहतां त्याची वाट उन्हाळ्याची, कोरडी. चिखलाचा संबंध नाहीं. पण सुटा मुरूम व गोटे यांवर पकड चिखलासारखीच बेभरंवशाची असते. शिवाय पाणी म्हणजे लिटरास एक किलोग्रॅम. दहा हजार लिटरांचा टँकर पाड्यावर दहा टन ओतून हलका होतो, आणि बऱ्याच पाड्यांची वाट खालीं उतरत असल्यामुळें चढ त्याला परततांना, रिकामा असतांना लागतो. भरलेल्या गाडीचे पाटे वजनानें दबतात व चाकें खळग्यांत उतरून जमीन धरतात. रिकाम्या गाडीचे तेच जाड पाटे दबत नाहींत, आणि एखादें मागील चाक दगडावर चढलें कीं दुसरें अधांतरीं राहतें. अशा वेळीं मर्यादित घसरणीचें डिफरन्शिअल फारसें उपयोगीं पडत नाहीं, हें वर पाहिलेंच. म्हणून टँकरासाठीं चालकाच्या हातांतील कुलूप हेंच योग्य. दोन फेऱ्यांऐवजीं एक करावी म्हणून अर्धवट रिकामा टँकर पुढच्या पाड्यास नेण्याची वहिवाट मात्र टाळावी. आंत हेलकावणारें पाणी गाडीला आडव्या उतारावर कलंडविण्यास पुरेसें होतें, आणि त्यावर कोणतेंच डिफरन्शिअल इलाज नाहीं.

कुलूप वापरण्याचे नियम थोडे आहेत व ते पाळण्यास सोपे आहेत. अडचणीची जागा समोर दिसतांच, तींत शिरण्यापूर्वीं, गाडी थांबवून कुलूप लावावें. चाक फिरूं लागल्यावर नव्हे. लावल्यावर शक्य तितकें सरळ व सावकाश जावें. घट्ट जमीन आली कीं लगेच काढावें, आणि समोरचा दिवा विझला याची खात्री करून मगच वळावें. कारण आंस पिळलेला असल्यास दांते अडकून राहतात, व गाडी थोडी सरळ पुढें-मागें केल्यावरच ते सुटतात. घाट उतरतांना, पक्क्या सडकेवर व वळणावर कुलूप कधींहि लावूं नये.

कुलूप पकड निर्माण करीत नाहीं, हेंहि विसरून चालणार नाहीं. तें असलेली पकड वायां जाऊं देत नाहीं, इतकेंच. दोन्ही बाजूंचीं चाकें सारख्याच चिखलांत असतील, तर ४०० आणि ४०० मिळून ८०० च. कुलूप असलें काय आणि नसलें काय, बेरीज बदलत नाहीं. तेथें चाकाखालीं पेंढा, पोतीं, डहाळ्या किंवा दगड घालण्याची जुनी रीतच कामास येते. गाडीचें मागील वजन नीट बसविणें, झिजलेले टायर वेळींच बदलणें आणि पावसाळ्यांत वाटेवरील चर भरून काढणें यांचें महत्त्व कुलपानें कमी होत नाहीं. जुन्या गाडींत बाहेरून कुलूप बसवून घेण्यापूर्वीं परिवहन कचेरींत विचारणा करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यावर निर्बंध घातले आहेत.

उन्हाळ्यापूर्वीं टँकर भाड्यानें ठरविले जातात तेव्हां टाकी किती लिटरांची, दर किती, फेऱ्या किती, हें विचारलें जातें. त्याच वेळीं आणखी दोन प्रश्न विचारावयास हरकत नाहीं: गाडीस डिफरन्शिअलचें कुलूप आहे काय, आणि तें केव्हां लावावें व केव्हां काढावें हें चालकास ठाऊक आहे काय. ज्या पाड्यांची वाट खरोखरीच कठीण आहे, त्यांच्यासाठीं तरी या दोन प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असलेलीच गाडी ठरवावी. शहराचें पाणी तानसा-भातसाहून नळानें बिनबोभाट येतें. त्याच तालुक्यांतील पाड्यावरचें पाणी चार-सहा चाकांवरून येतें, आणि तीं चाकें अडूं नयेत एवढी व्यवस्था करणें फारसें खर्चाचें काम नाहीं.